पलटणीच्या वाटेवरच्या शाळा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शहर लवकर सुटत नाही. गोदामं, कंटेनरचे ट्रक, अर्धवट इमारतींचे सांगाडे आणि मागे नवा विमानतळ. या गर्दीतच महामार्गाला लागून शिरढोण येतं. मला तिथून थेट दक्षिणेला, महाड तालुक्यातल्या फौजी आंबवडे गावापर्यंत जायचं होतं. युद्धावर गेलेल्या माणसांची आठवण रायगड जिल्ह्यानं कुठे आणि कशी जपली आहे, हे पाहण्याचा हेतू होता. चौथरे, पुतळे, शिळा दिसणार हे ठाऊक होतं. पण जवळजवळ प्रत्येक मुक्कामावर शाळेची गोष्ट निघाली, आणि याची मी मुळीच अपेक्षा केली नव्हती.

सुरुवात शिरढोणलाच झाली. हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म इथे झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. वासुदेवराव स्वतः पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दुष्काळानं होरपळलेला मुलूख पाहून त्यांनी १८७९ मध्ये रामोश्यांना बरोबर घेऊन इंग्रज सरकारविरुद्ध हत्यार उचललं, त्याच वर्षी ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले. एवढं आपण शाळेतच शिकतो. त्यांच्या आयुष्याचा दुसरा धागा मात्र सहसा सांगितला जात नाही. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात जी शिक्षणसंस्था उभी केली, ती पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. तिचं मूळ १८६० सालापर्यंत जातं. बंड काही महिन्यांत मोडलं गेलं. शाळा दीडशेहून अधिक वर्षं चालली आहे. पनवेलमध्ये त्याच संस्थेचं विद्यालय फडक्यांच्याच नावानं भरतं. त्यांचं खरं स्मारक कोणतं, गावातलं की शहरातलं, असं कुणी विचारलं तर मी त्या विद्यालयाकडे बोट दाखवीन. रोज सकाळी शेकडो मुलं ते नाव उच्चारत आत शिरतात.

शिरढोण मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका डावीकडे दिसू लागतो आणि रस्ता अभयारण्याच्या सावलीत शिरतो. उजव्या हाताच्या डोंगरांपलीकडे चिरनेर आहे, जिथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या गावावर स्वतंत्रच लिहायला हवं. पेणपाशी उघड्यावर वाळत घातलेले गणपती, वडखळच्या पुढे खाऱ्या वाऱ्याचा वास, मग नागोठणे, कोलाड. या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललं आहे, त्यामुळे वेग मनाजोगता मिळत नाही. वेग नाही म्हणून दोन्ही बाजूंची शेती मात्र नीट पाहता येते.

ही शेती पाहिल्याशिवाय इथली माणसं फौजेत का गेली ते कळत नाही. दऱ्यांच्या तळाशी भाताचे चिंचोळे तुकडे, वर उतारावर नाचणी-वरीपुरती वरकस जमीन. पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या वर, पण सगळा चार महिन्यांत. पीक एकच. त्यातही शतकभर या भागावर खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट वसूल करायचा. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीला शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो सहा वर्षं चालवला, तो याच जाचामुळे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. तोवर कुळाच्या धाकट्या मुलापुढे दोनच वाटा होत्या: मुंबईची गिरणी किंवा पलटण. गिरणी संपावर जायची, टाळेबंदी व्हायची. पलटणीचा पगार मनिऑर्डरनं ठरल्या तारखेला यायचा आणि म्हातारपणी पेन्शन मिळायचं. म्हणून रत्नागिरी, सातारा आणि तेव्हाचा कुलाबा हे मुंबई इलाख्यातले भरतीचे हुकमी जिल्हे झाले. कुलाब्याचं नाव रायगड झालं १९८१ मध्ये. लष्कराच्या जुन्या कागदांत तो अजून कुलाबाच आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. कोकणातल्या मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया आला, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्यानं शरणागती पत्करली. वेढ्यात शेवटी घोडे कापून खाण्याची पाळी आली, आणि कितीतरी हिंदी शिपायांनी प्राण कंठाशी आले तरी ते मांस खायला नकार दिला. शरणागतीनंतर वाळवंटातून जी पायपीट झाली आणि कैदेत जे हाल झाले, त्यांत आणखी हजारो मेले. माणगाव-महाडच्या कुठल्या तरी वाडीतून गेलेला तरुण तिकडे तैग्रिस नदीच्या काठी पडला, हे त्याच्या घरी कळायला कित्येक महिने लागले असतील.

माणगावला तहसील कार्यालयापाशी यशवंतराव घाडगे यांचा पुतळा आहे. एसटीची माणसं, दाखल्यांसाठी आलेली माणसं त्याच्या समोरून येत-जात असतात. घाडगे याच तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला ते इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला गोळीनं टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा हातातली बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घातले. मग दबून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या जागेवरच ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीनं स्वीकारला. त्यांची कबर किंवा समाधी कुठेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढं कोरलेलं आहे. जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने गावानं त्यांच्या नावानं एक छायाघड्याळ उभारलं, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर कोरलं. इटलीच्या त्या मोहिमेत हिंदी सैन्यातले पाच हजारांहून अधिक जवान कामी आले. त्यांतल्या एकाची आठवण ठेवावी असं तिथल्या छोट्या गावाला जवळजवळ ऐंशी वर्षांनी वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

घाडग्यांच्या याच पलटणीवरून एका मोठ्या विद्यालयाची गोष्ट निघते, म्हणून थोडं आडवळण घेतो. १९४१ च्या मार्चमध्ये ही तिसरी पलटण एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियनांशी लढत होती. तिथल्या विजयामुळे शेजारच्या सुदानवरचं संकट टळलं. कृतज्ञ सुदान सरकारनं हिंदी सैनिकांच्या स्मारकासाठी एक लाख पौंड देऊ केले. त्यातून कमान उभारायची की स्तंभ, असा विचार होऊ शकला असता. पण युद्धस्मारक म्हणून एक प्रबोधिनी बांधावी, जिथे तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकतील, असं ठरलं. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला आजही सुदान ब्लॉक म्हणतात. पुण्याहून पानशेतला सहलीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की उजवीकडच्या त्या घुमटामागे कोकणी शिपायांचं रक्त आहे.

युद्धाचं स्मारक म्हणून शाळा बांधण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. फ्रान्समधल्या विलेर-ब्रेतोनो गावासाठी लढताना एप्रिल १९१८ मध्ये सुमारे १२०० ऑस्ट्रेलियन सैनिक मेले. गावातली शाळा उद्ध्वस्त झाली होती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या शाळकरी मुलांनी पैसा-पैसा जमवला आणि १९२७ मध्ये तिथे नवी शाळा उघडली. ऑस्ट्रेलियाला विसरू नका, असं तिच्या पटांगणात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. एका देशाच्या मुलांनी दुसऱ्या देशाच्या मुलांना दिलेलं हे स्मारक मला जगातल्या सगळ्या विजयस्तंभांहून थोर वाटतं.

कोकणात हे नातं याच्या बरोबर उलट दिशेनं सुरू झालं. आधी पलटण आली आणि पलटणीनं शाळा आणली. माणगाव सोडल्यावर लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ लागतं आणि पुढे सावित्रीच्या खाडीवरचं दासगाव. आज महामार्गावरून ते नजरेआडच राहतं. एके काळी मुंबईहून बोटीनं येणारी माणसं इथे उतरत. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकवण्याची सक्ती होती. गावच्या शाळेच्या पायरीलाही ज्यांचा स्पर्श चालत नव्हता त्यांच्या घरातल्या बायका पोथी वाचू लागल्या, त्या पलटणीमुळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म महूचा. पेन्शनीत आलेले असे सुभेदार-हवालदार दापोली, महाड, दासगाव या पट्ट्यात येऊन राहिले आणि त्यांनी आपल्या वस्त्यांत मुलांना शिकवायला सुरुवात केली. मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं लढाऊ जातींचा सिद्धान्त काढून महारांची भरतीच बंद केली. एका फटक्यात पगार गेला, पेन्शन गेलं, शाळाही गेली. याविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांत आघाडीवर होते ते महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः लष्करातून निवृत्त झालेले.

दासगावच्या या पेन्शनरांच्या वस्तीत एक मुलगा वाढला, रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे पुढचे कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३, लाडवलीचा. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्यानं शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. जातीमुळे शाळेनं घेतलं नाही. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते छापून आलं, बोभाटा झाला आणि शाळेला त्याला घ्यावं लागलं. बसवलं मात्र वेगळं. याच मोऱ्यांनी पुढे मार्च १९२७ मध्ये महाडची परिषद भरवण्यात पुढाकार घेतला. २० मार्चला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले. परिषदेतल्या भाषणात त्यांनी या मुलखाची जुनी लष्करी परंपरा आठवली होती आणि सैन्याची दारं पुन्हा उघडावीत अशी मागणी केली होती. चवदार तळ्याच्या काठावर उभं राहिलं की हे सगळं एका रेषेत दिसू लागतं: पलटणीतली शाळा, दासगावची वस्ती, वर्तमानपत्रातलं पत्र, तळ्याचं पाणी. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा सरकारनं १११ वी महार पलटण उभी केली होती आणि १९२१ मध्ये मोडून टाकली होती. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात.

महाडहून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि डोंगर अंगावर येतात. दिवस भातकापणीचे होते. खळ्यांवर झोडणी चालू होती, बांधावर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. फौजी आंबवड्याशी नाव जुळणारं बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं. नावाच्या सारखेपणामुळे कितीतरी जण तिकडचं समजून इकडे येतात. हे आंबवडे निराळं, फौजी. घरटी निदान एक माणूस सैन्यात, अशी त्याची ख्याती आहे, आणि पिढ्यान् पिढ्या ती खरी ठरत आली आहे. पहिल्या महायुद्धात गावातून १११ जण गेले आणि ६ परतले नाहीत, असं गावकरी सांगतात. दुसऱ्या महायुद्धात याहून कितीतरी अधिक गेले.

एका पडवीत निवृत्त हवालदार भेटले. "या, बसा," म्हणाले, आणि चहा येईपर्यंत घरातल्या कोण कुठे आहे ते सांगून टाकलं: एक मुलगा सरहद्दीवर, पुतण्या बेळगावच्या केंद्रात, नातू भरतीची तयारी करतोय. "आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की धावायलाच लागतं," म्हणाले. पहाटे रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी मुलं मीही पाहिली होती. त्यांच्या बोलण्यात काळजी होती ती २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीची. चार वर्षांची नोकरी, त्यातले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम, बाकीच्यांना पेन्शन नाही. ज्या गावाची घरं, विहिरी, मुलांची शिक्षणं पेन्शनवर उभी राहिली, तिथे या आकड्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. "शिकलेला असेल तो तरेल," एवढंच ते म्हणाले.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं जास्त माणसं देणाऱ्या गावांना संगमरवरी पाट्या दिल्या. मुंबई इलाख्यात त्या कुठे चावडीच्या, कुठे शाळेच्या भिंतीत बसवलेल्या सापडतात. मजकूर ठरावीक: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकड्यांपुरती जागा बदलते. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं तर काळा रंग उडून गेलेल्या खाचा लागतात, पण त्यांत एकही नाव लागत नाही. गेलेले कोण, मेलेले कोण, हे दगड सांगत नाही. आणि ते जिथे मेले तिथेही तीच गत. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या, कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची स्मृती आहे. त्यात गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये ही विषमता जाहीरपणे मान्य करून माफी मागितली. एका टोकाला गावच्या भिंतीवर आकडा, दुसऱ्या टोकाला बसऱ्याच्या भिंतीवर आकडा, आणि मधल्या समुद्रात नावं हरवलेली. या प्रवासात मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

ही नावं मिळवता येतात. कमिशनच्या नोंदवह्या आता संगणकावर खुल्या आहेत आणि कितीतरी हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे. परतीच्या वाटेवर महाड तालुक्यातल्याच एका शाळेत इतिहासाच्या शिक्षकांशी याबद्दल बोललो. नववीचा वर्ग समोर होता. जिल्हा रायगड घालून काही सापडणार नाही, कुलाबा घालून शोधा, असं मी सांगितलं. गावाचं नाव इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असणार, म्हणून आंबवडे, दासगाव, पळसगाव यांची चार-पाच तऱ्हेची स्पेलिंगं करून पाहा. मुलांनी लगेच विचारलं, आमचं आडनाव त्यात असेल का? त्या नोंदींत आडनाव असतंच असं नाही, तेव्हा शिपाई कोणत्या घरातला ते ओळखायला बापाचं नाव उपयोगी पडेल, आणि पणजोबाच्या बापाचं नाव मुलांना घरी म्हाताऱ्यांना विचारूनच मिळेल. शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखले, एक नोंदवहीतून मिळणाऱ्या नावासाठी आणि एक घरातून कळणाऱ्या नावासाठी, आणि मुलांना वाड्यांप्रमाणे गट पाडायला सांगितलं.